वांगं शेतात सोडण्याआधी

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याला जाताना बदनापूर मागे पडलं की दावलवाडी लागते. महिको कंपनीचं संशोधन केंद्र इथलं. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली ही बियाणे कंपनी काढली तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १९८१ मध्ये. भारतात मंजुरीच्या दारापर्यंत पोचलेलं पहिलं जनुकीय अन्नपीक, बीटी वांगं, या कंपनीचं. त्याच्या चाचण्या कित्येक वर्षं चालल्या. १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने, म्हणजे जीईएसीने, त्याला होकार दिला. चार महिन्यांच्या आत, ९ फेब्रुवारी २०१० रोजी, तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली.

मधल्या काळात सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. महाराष्ट्रातली नागपूरला झाली. अशा वादात बहुतेकांचा पहिला प्रश्न खाण्याचा असतो: हे वांगं पोटात गेलं तर काय? तो प्रश्न रास्त आहे, पण इथे तो बाजूला ठेवू. हे झाड मराठवाड्यातल्या एखाद्या शेतात उभं राहिलं, त्याला फुलं आली, त्याची पानं मातीत पडली, त्यावर किडे बसले, तर बांधापलीकडे काय होईल आणि हे आधी कसं ओळखायचं, एवढंच पाहू.

आधी रोग काय होता ते समजून घेऊ. वांग्याची मुख्य कीड म्हणजे शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. पतंग पानावर अंडी घालतो, अळी बाहेर येते आणि थेट शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी ती आत जाण्याआधी गाठायला बघतो आणि फळं लागायच्या दिवसांत आठवड्याला एक, कधी दोन फवारण्या होतात. बीटी वांग्यात ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या मातीतल्या जिवाणूचं क्राय-१-एसी हे जनुक घातलं. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. अळीच्या आतड्यात क्षारता जास्त असते. तिथे हे प्रथिन सक्रिय होतं, आतड्याच्या अस्तराला चिकटून त्याला भोकं पाडतं आणि अळी मरते. माणसाच्या किंवा गाईच्या पोटात आम्ल असतं आणि त्या प्रथिनाला चिकटायला लागणारी जागाही नसते. मधमाशीतही ती नाही. म्हणजे हे विष निवडक आहे. निवडक म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र धरून चालत नाही. परीक्षा तिथूनच सुरू होते.

पहिली पायरी तुलनेची. बीटी वांगं कशाच्या शेजारी ठेवून तपासायचं? एक जोडीदार म्हणजे तेच वाण, फक्त जनुक नसलेलं. त्याने जनुकामुळे झालेला फरक दिसतो. दुसरा जोडीदार म्हणजे आजची प्रत्यक्ष शेती, तिच्या सगळ्या फवारण्यांसकट. हा दुसरा जोडीदार वादात दोन्ही बाजू सोयीने विसरतात. बीटीमुळे एखादा मित्रकीटक थोडा कमी झाला, तर ते फवारणी न केलेल्या आदर्श शेताच्या तुलनेत नुकसान आहे. पण आठवड्याला दोनदा विष मारणाऱ्या शेताच्या तुलनेत तो फायदाही ठरू शकतो. कोणत्या शेताशी तुलना केली हे सांगितल्याशिवाय आकडा पुढे करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरी पायरी म्हणजे या शास्त्राचा कणा. धोका दोन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: अपाय करण्याची क्षमता आणि संपर्क. विहीर कितीही खोल असली तरी तिच्या काठाकडे कोणी फिरकतच नसेल तर बुडण्याचा धोका शून्य. दोन्हींतलं एक जरी शून्य असेल तर गुणाकारही शून्य.

हे नीट कळायचं तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराची गोष्ट पाहावी. १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक टिपण छापलं. बीटी मक्याचे परागकण मिल्कवीडच्या पानांवर टाकून ती पानं मोनार्कच्या अळ्यांना खायला दिली, तर बऱ्याच अळ्या मेल्या. मोनार्कची अळी मिल्कवीडशिवाय काही खात नाही आणि मिल्कवीड मक्याच्या शेताच्या कडेला उगवतं. जगभर गदारोळ झाला. पण प्रयोगाने गुणाकाराची एकच बाजू मोजली होती. दोन वर्षांनी अमेरिका आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी शेतांत जाऊन दुसरी बाजू मोजली: पानावर खरोखर किती परागकण पडतात, मका फुलतो तेव्हा अळ्या असतात का, शेतापासून किती अंतरावर काय. उत्तर आलं की प्रत्यक्ष संपर्क फार कमी आहे. परागकणांत विषाचं प्रमाण खूप जास्त असलेलं एकच वाण खरं धोक्याचं होतं, आणि ते बाजारातून गेलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षांत मोनार्क तरीही घटत गेले आणि अनेक संशोधकांनी बोट दाखवलं ते दुसऱ्याच जनुकीय पिकाकडे: तणनाशक सहन करणाऱ्या मका-सोयाबीनकडे. पीक मरत नाही म्हटल्यावर शेतभर ग्लायफोसेट मारलं गेलं आणि शेतातलं मिल्कवीडच नाहीसं झालं. विषाचा प्रश्न बारकाईने तपासला गेला. पिकामुळे शेती करायची पद्धत बदलेल, हा प्रश्न पुरेसा कोणी विचारला नव्हता. आपल्याकडे मोनार्कचा भाऊबंद म्हणजे बिबळ्या कडवा. त्याची अळी रुईच्या पानांवर वाढते आणि रुई आपल्या बांधांवर जागोजाग आहे. महाराष्ट्रात तणनाशक सहन करणारा बेकायदा एचटीबीटी कापूस वर्षानुवर्षं पेरला जातो. त्याच्यासाठी बांधांवर मोजमाप करायला कोण गेलं? मंजुरीच नसल्याने त्यावर कोणाची नजरही नाही.

वांग्याकडे परत येऊ. मक्याचे परागकण वाऱ्याने उडतात, वांग्याचे नाहीत. वांग्याच्या फुलात पुंकेसरांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात आणि पराग आतच राहतात. मोठा काळा भुंगा फुलाला धरून पंखांच्या स्नायूंची विशिष्ट थरथर करतो तेव्हा ते बाहेर सांडतात. त्यामुळे शेजारच्या पानांवर वांग्याच्या परागांचा थर बसण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. दुसरा प्रश्न मात्र उरतो: भुंगा ते पराग किती लांब नेतो?

हे मोजायची पद्धत साधी आहे. मधोमध बीटी वांग्याचा तुकडा लावायचा, भोवती वेगवेगळ्या अंतरांवर साध्या वांग्याच्या ओळी. हंगाम संपला की त्या ओळींतल्या फळांचं बी काढायचं, रोपं उगवायची आणि त्यांत बीटी जनुक आलंय का ते पाहायचं. महिकोच्या अभ्यासात जनुक १५ ते २० मीटरपर्यंत पोचलेलं दिसलं आणि संकराचं प्रमाण साधारण दीड ते पावणेतीन टक्के निघालं. हा आकडा कमी वाटतो. पण भारतात वांग्यातल्या परपरागीभवनाच्या नोंदी २ टक्क्यांपासून ४८ टक्क्यांपर्यंत आहेत. एवढी तफावत का? फुलं किती यापेक्षा भुंगे किती, यावर ते ठरतं. सतत फवारणी होणाऱ्या भागात भुंगे कमी, म्हणून संकर कमी. आता बीटी वांग्याने फवारण्या खरोखर कमी केल्या तर भुंगे वाढतील आणि जनुकाचा प्रवासही वाढेल. म्हणजे पीक यशस्वी झालं तर ज्या परिस्थितीत मोजमाप झालं ती परिस्थितीच बदलते. एक-दोन ठिकाणच्या, एक-दोन हंगामांच्या आकड्यावर समाधान मानू नये, ते यासाठी.

पराग गेला, बरं, पुढे काय? हा प्रश्न विचारल्याशिवाय परागांचं अंतर म्हणजे नुसती टेपची मोजणी. दोन ठिकाणी तो पोचू शकतो. एक, शेजाऱ्याच्या वांग्यात. तो दरवर्षी संकरित बी विकत घेत असेल तर फारसं बिघडत नाही, कारण जनुक पुढच्या पिढीत जातच नाही. पण जळगावच्या भरिताच्या वांग्यासारखं घरचं बी राखणारा असेल, तर त्याच्या नकळत त्याच्या बियात ते शिरतं. यात पर्यावरणाची हानी किती हा वेगळा वाद. त्याने न मागितलेली गोष्ट त्याच्या शेतात आली, हे नुकसान खरं आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे रानातले नातेवाईक. वांगं भारतीय उपखंडातलं जुनं पीक आहे आणि त्याचा गोतावळा इथेच आहे. बांधावर, पडीक जमिनीत दिसणारी डोरली आणि भुईरिंगणी ही दूरची. त्यांच्याशी संकर सहजासहजी होत नाही. सोलॅनम इन्सानम ही रानवांग्याची जात मात्र अगदी जवळची, तिच्याशी सुपीक संकर होतो. मग विचारायचं हे: अळी या रानटी झाडाला खाऊन त्याची संख्या आटोक्यात ठेवते का? ठेवत असेल तर बीटी जनुक मिळालेलं रानवांगं जास्त बी देईल आणि पसरेल. ठेवत नसेल तर जनुकाचा त्याला काही उपयोग नाही आणि ते तण बनण्याचं कारण नाही. याचं उत्तर प्रयोगशाळेत बसून मिळत नाही. रानवांग्यांवर जाऊन, किडीचं नुकसान हंगामभर मोजूनच मिळतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीने २०१३ च्या अंतिम अहवालात हाच धागा धरला: ज्या पिकांचं मूळस्थान किंवा वैविध्याचं केंद्र भारत आहे, त्यांची जनुकीय वाणं इथे सोडू नयेत. मला ही शिफारस थोडी सरसकट वाटते, पण मोजमाप न करता मंजुरी देण्यापेक्षा ती नक्कीच बरी.

माती आणि मित्रकीटकांची तपासणी पायऱ्यापायऱ्यांनी होते. आधी प्रयोगशाळेत शेतातल्यापेक्षा कितीतरी जास्त मात्रा गांडुळं, मधमाश्या, ढालकिडे यांना द्यायची. त्यांना काही झालं नाही तर तिथेच थांबायचं. झालं तर पिंजऱ्यातल्या आणि मग उघड्या शेतातल्या चाचणीकडे जायचं. इथे बीटी प्रथिनं एकंदरीत बरी निघाली आहेत. लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच कारणासाठी. फवारणी कमी झाली की अळीबरोबर आपोआप मरणाऱ्या इतर किडींना मोकळं रान मिळतं. चीनमध्ये बीटी कापसाच्या भागात ढेकूणवर्गीय रसशोषक किडी अशाच वाढल्या. वांग्यात तुडतुडे, पांढरी माशी आणि मावा आहेतच.

आता सर्वात मोठा प्रश्न, जो मंजुरीच्या कागदांत एका प्रकरणात उरकतो आणि शेतात सगळं ठरवतो: अळी किती दिवसांत या विषाला सरावेल?

उत्तर मराठवाड्यातच आहे. २६ मार्च २००२ रोजी देशात पहिल्यांदा बीटी कापसाची तीन संकरित वाणं मंजूर झाली; तीही महिकोचीच. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. त्याच वर्षी औरंगाबादच्या नाथ सीड्सचा, चिनी जनुक असलेला कापूसही मंजूर झाला. २००८-०९ मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी एका जनुकाला सरावलेली आढळली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात ती दोन जनुकांच्या कापसावर अशी तुटून पडली की वैजापूर, कन्नड, सिल्लोडकडच्या शेतकऱ्यांनी उभ्या पऱ्हाट्या उपटल्या.

हे टाळायचा उपाय माहीत होता. सरावलेली अळी सुरुवातीला दुर्मीळ असते. शेजारी साधा कापूस असेल तर तिथे न सरावलेले पतंग भरपूर जन्मतात, सरावलेल्या पतंगाची जोडी त्यांच्याशी जमते आणि त्यांची पिल्लं बीटी कापसावर मरतात. म्हणून नियम होता: भोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांतलं जे जास्त तेवढ्यावर साधा कापूस. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियांचं पाकीट यायचं. ते बहुतेकांनी पेरलं नाही. पाच-सात एकरांच्या शेतकऱ्याने एक पंचमांश जमीन अळीला सोडावी, असं त्याला कोणी नीट समजावलंही नाही. त्यातच आपल्याकडे लांब मुदतीचे संकरित वाण आणि वर फरदड: वेचणी झाली तरी पाणी देऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवायची. बोंडअळीला वर्षभर घर मिळालं. शिवाय संकरित झाडाच्या बोंडात जनुकाची वाटणी होते; एका जनुकाच्या वाणात चारांपैकी साधारण एका सरकीत ते नसतंच. बोंडअळी सरकीच खाते, म्हणजे तिला विष अर्धवट मिळत राहतं आणि सराव लवकर होतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी, हेच प्रथिन. तिथे साध्या कापसाचा नियम आधी पाळला, मग नपुंसक पतंग सोडले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेने गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. फरक जनुकात नव्हता. वाण, जमिनीचा आकार आणि नियम राबवणारी यंत्रणा यांत होता.

वांग्याला हे कसं लागू पडतं? काही बाबतींत वांगं सुरक्षित आहे. अळी बियांपेक्षा गर खाते, गर आईच्या झाडाचा असतो, म्हणून सरकीसारखी वाटणी होत नाही. काही बाबतींत ते जास्त नाजूक आहे. ही अळी मुख्यतः वांग्यावरच जगते, वांगं बारा महिने कुठे ना कुठे उभं असतं आणि छाटून पुन्हा फुटवा घेणं ही भाजीवाल्या शेतकऱ्याची रीतच आहे, म्हणजे कापसाच्या फरदडीचाच प्रकार. वर गुंठ्यागुंठ्यांतलं पीक. तिथे साध्या वांग्याचा कोपरा कोण राखणार? बांगलादेशाने महिकोचंच जनुक स्थानिक वाणांत घालून जानेवारी २०१४ मध्ये २० शेतकऱ्यांना रोपं दिली आणि पुढे हे पीक हजारो शेतकऱ्यांपर्यंत गेलं. फवारण्या घटल्या, हे तिथल्या अभ्यासांत दिसतं. अळी किती काळ दबून राहील हे तिथेही अजून पाहायचं आहे.

म्हणून माझ्या मते परीक्षेची खरी जागा मंजुरीनंतर आहे आणि आपली व्यवस्था तिथेच कच्ची आहे. मंजुरीआधीची उतरंड १९८९ च्या नियमांनी बांधली आहे: आधी संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग केंद्राची आरसीजीएम, म्हणजे जनुकीय फेरफारांची पुनरावलोकन समिती, शेवटी जीईएसी. शेतातल्या चाचणीचे दोन टप्पे. पहिल्यात एका ठिकाणी जास्तीत जास्त एक एकर, दुसऱ्यात अडीच एकर. २०१६ मध्ये पर्यावरणीय धोका तपासण्यासाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाही आल्या. कागद चांगले आहेत. पण बहुतेक आकडे अर्ज करणारी कंपनीच गोळा करते, आणि स्थगिती देताना रमेश यांनी स्वतंत्र तपासणी नसल्याचा मुद्दा काढला तो यामुळेच. मंजुरीनंतर शेतावर नजर ठेवायला नियमांत जिल्हास्तरीय समिती आहे. तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. तुमच्या जिल्ह्यातली ही समिती कधी बसली, हे विचारून पाहा.

नजर नसली की काय होतं ते २०१९ मध्ये दिसलं. हरियाणातल्या फतेहाबाद जिल्ह्यात एका शेतात बीटी वांगं सापडलं. त्याच वर्षी जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने जाहीर सत्याग्रह करून एचटीबीटी कापूस पेरला. बियाणं पसरायला परवानगीची वाट पाहत नाही. बंदी लादून परीक्षा चुकवली तर धोका कमी होत नाही, तो फक्त मोजला जात नाही.

दरम्यान जालन्याच्याच बेजो शीतल कंपनीचं, दिल्लीच्या सरकारी संशोधकांनी घडवलेल्या वेगळ्या जनुकाचं बीटी वांगं पुढे आलं. २०२० मध्ये जीईएसीने त्याच्या दुसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांना आठ राज्यांत परवानगी दिली. त्या यादीत महाराष्ट्र नाही. म्हणजे हे वांगं उद्या मंजूर झालं तर मराठवाड्याच्या काळ्या जमिनीतले भुंगे, इथली रानवांगी, इथली छाटणी यांचे आकडे फाइलीत असण्याचं कारण नाही.

२०१६ मध्ये जीएम मोहरीवर लोकांची मतं मागवली, तेव्हा सारांश संकेतस्थळावर इंग्रजीत होता आणि पूर्ण दस्तऐवज पाहायचा तर दिल्लीत मंत्रालयात जाऊन बसावं लागत होतं. मुदत ३० दिवस. वांग्याची पुढची फाइल उघडेल तेव्हा ती मराठीत, छत्रपती संभाजीनगरच्या आणि जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवा, अशी मागणी ग्रामसभांनी आजच करायला हवी. आणि ती वाचताना आधी तीन पानं शोधा: तुलना कशाशी केली, रानवांग्यांवर मोजमाप कोणी केलं, आणि साध्या वांग्याच्या ओळी न लावणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब धरला आहे का.